तुलनेसाठी राखलेला पत्रा

मित्रांनो, या शहराच्या हवामान आराखड्याचा सगळा भार माझ्या पाठीवर आहे. त्याशिवाय माझ्या पाठीवर दोन विटा, एक फाटकी चप्पल आणि बहुतेक दुपारी एक मांजर असते. मी एक जुना पत्रा आहे.

कारखान्यात मला वितळलेल्या जस्तात बुडवले, अंगावर लाटा पाडल्या आणि 'गंजणार नाही' असा छाप मारला. लहानपणी आपल्याबद्दल मोठी माणसे काहीही बोलून जातात. पुढे बरीच वर्षे मी सायकल दुरुस्तीच्या दुकानावर काढली. ते दुकान बंद पडल्यावर मला आणि माझ्या भावाला एका पाळणाघरावर शेजारी शेजारी ठोकले. खालची खोली एकच. अर्धी त्याच्या सावलीत, अर्धी माझ्या.

सावली हा शब्द आपला उगाच वापरला. उन्हाळ्यात मी असा तापतो की मांजरसुद्धा त्या दिवसांत फिरकत नाही. खाली पाळणाघराच्या ताई मुलांना दुपारी झोपवत. म्हणजे ताई झोपवत आणि मुले घामोळे खाजवत माझ्याकडे बघत पडत. इतक्या जणांनी इतक्या नाराजीने रोज आपल्याकडे बघावे, यासारखे दुःख नाही.

अशात पालिका, विद्यापीठ आणि धोरण खाते यांनी हातात हात घालून शहर थंड करायचे ठरवले. एका सकाळी तिघे आमच्या बोळात येऊन उभे राहिले. पालिकेच्या इंजिनिअरांकडे शिडी होती, विद्यापीठाच्या मॅडमकडे तापमापक होते आणि धोरण खात्याच्या साहेबांकडे वेळ नव्हता. पत्र्यांना ऊन परतवणारा पांढरा रंग द्यायचा, असे ठरले. रंगारी चढला. माझा भाऊ बघता बघता दुधासारखा झाला. ब्रश माझ्या कडेपर्यंत आला आणि थांबला.

"रंग संपला का हो?" ताईंनी खालून विचारले.

"नाही ताई. हा भाग तुलनेसाठी तसाच ठेवायचाय," मॅडम म्हणाल्या. "फरक दिसायला नको का?"

"फरक मी सांगते ना."

"तुम्ही सांगाल हो, पण तुमचं सांगणं धोरणात घालता येत नाही. एक उन्हाळा फक्त."

मॅडम लबाड नव्हत्या. आकडे नसतील तर बाकीच्या पाळणाघरांना रंगाचा थेंबही मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. पण मुलांना हे कोण सांगणार? सगळी पोरे सतरंजी ओढत भावाखाली गेली. मॅडम आठवड्याने आल्या तेव्हा त्यांचे तापमापक बुचकळ्यात पडले होते.

"ताई, मुलं दोन्हीकडे अर्धी अर्धी झोपवाल का? सगळी एकीकडे असली की त्यांच्या अंगाच्या गरमीने आकडे बिघडतात."

"झोपवते की. इकडची अर्धी कुठली ते तेवढं तुम्ही निवडा."

मॅडमनी झोपलेल्या मुलांवरून नजर फिरवली. मग "राहू दे," म्हणाल्या आणि त्या दिवशी मुले उठेपर्यंत स्वतःच माझ्याखाली बसून राहिल्या.

उन्हाळा सरला. पांढऱ्या पत्र्याखाली गारवा असतो, हे सिद्ध झाले. टाळ्या झाल्या. आमचा फोटो मोठ्या फलकावर लागला. भावाखाली लिहिले होते 'नंतर' आणि माझ्याखाली 'आधी'. एकाच दिवशी जन्मलेली आम्ही भावंडे. कौतुक झाले ते असे.

ताई म्हणाल्या, "आता उरलेला रंगवून टाका."

साहेब हसले. "अहो ताई, हा तर आपला आदर्श नमुना. गावोगावचे लोक बघायला येणार. दोन्ही पांढरे केले तर त्यांना दाखवायचं काय?"

दुसरा उन्हाळा आला. पाळणाघरात मुले वाढली. भावाखाली जागा पुरेना, म्हणून नव्याने आलेल्या एका तान्हीचा पाळणा माझ्याखालच्या दांडीला टांगावा लागला. ती दुपारभर रडे. ताई एका हाताने झोका देत, दुसऱ्या हाताने पुठ्ठ्याने वारा घालत. मी वर तापत होतो. दुसरे काय करणार? पाठ फिरवायची तर मला दोन्हीकडे पाठच आहे.

अशाच एका दुपारी साहेब, मॅडम आणि इंजिनिअर पाहुणे घेऊन आले. ताईंनी तान्हीला उचलून मोठ्या मुलांमध्ये निजवले आणि खुर्च्या माझ्याखाली मांडल्या.

"बसा हो. तिकडे मुलं झोपलीयेत." आणि धूळ येते म्हणून दारही लावून घेतले. इंजिनिअरांना नेमके तेव्हाच शिडीचे काम आठवले. ते बाहेर राहिले.

साहेब बोलू लागले. भाषण 'परस्पर सहकार्य' या शब्दांपर्यंत पोचले तेव्हा त्यांची कॉलर भिजून मान सोडून गेली होती. एका पाहुण्याने दबक्या आवाजात विचारले, "पलीकडे बसलं तर चालेल का?"

"चाललं असतं," ताई म्हणाल्या, "पण तुमच्या अंगाच्या गरमीने तिथले आकडे बिघडतात."

मॅडम जमिनीकडे बघत होत्या. त्यांचे खांदे हलत होते.

भाषण अर्ध्यावर आटोपून साहेब बाहेर आले आणि इंजिनिअरांवर घसरले. "हा पत्रा अजून रंगवला का नाही?"

"साहेब, तुम्हीच म्हणाला होता की..."

"मी काय म्हणालो ते सोडा. उद्या रंगवा."

दुसऱ्या दिवशी मला रंग लागला. त्या दुपारी माझ्याखाली इतके शांत होते की ताई दोनदा उठून पाळण्यात डोकावल्या. तान्ही झोपली होती.

याला आता काही वर्षे झाली. तान्ही पळायला लागली, पाळण्यात दुसरे कोणी आले. आम्ही दोघेही आता धुळीने आणि पाखरांच्या कृपेने करडे झालो आहोत. पांढरेपणा गेला की गारवाही जातो. आम्हाला पुसायचे कोणी, यावर तिन्ही खाती एकत्र विचार करत आहेत. पालिका म्हणते विद्यापीठाने, विद्यापीठ म्हणते धोरण खात्याने, धोरण खाते म्हणते पालिकेने. एकमेकांची इतकी आठवण त्यांना पूर्वी कधी येत नव्हती.

मित्रांनो, पृथ्वी कशी वाचवावी हे तुम्हाला मोठी माणसे सांगतीलच. माझे मागणे लहान आहे. घरातल्या कोणा मोठ्याला उन्हाळ्याआधी ओले फडके देऊन आमच्याकडे वर पाठवा. आणि पाय खिळ्यांच्या रांगेवर ठेवायला सांगा, तिथे खाली वासा असतो. मधोमध ठेवला तर ते थेट खाली जातील, आणि खाली मुले झोपलेली असतात.