काकांचं टॉनिक आणि माझं लपवलेलं लोह

"काका, तुमचं हे टॉनिक माणसांसाठी आहे की जंतूंसाठी?"

डोंबिवलीच्या भरलेल्या हॉलमध्ये, माईक हातात घेऊन मी हे खरंच विचारलं. मागच्या रांगेत माझ्या मैत्रिणी अमृता आणि ऋजुता ओढणीत तोंड खुपसून हसत होत्या. "तू? तू काय विचारणार, चल!" असं म्हणालेल्या ना? घ्या.

स्टेजवर विश्रामकाका, बाबांचे धाकटे भाऊ. माजिवड्याला राहतात. आधी पाण्याचे फिल्टर विकायचे, मग चुंबकाच्या गाद्या, आता रक्तवाढीचं टॉनिक. माल बदलतो, भाषण तेच. त्यांच्या मागे पडद्यावर माझा भलामोठा फोटो, खाली लाल अक्षरांत 'आधी'.

कबड्डीत माझा गुडघा फुटलेला, त्याचं गळू झालं आणि ताप चढला. काका कळव्याला आमच्या घरी 'बघायला' आले आणि मी उकडलेल्या पडवळासारखी पडलेली असताना फोटो काढून मोकळे झाले. मग त्यांनी रक्ताचा रिपोर्ट उचलला.

"लोह कमी! वहिनी, पोरगी आतून पोकळ झालीय हो!"

आईचा चेहरा उतरला. लगेच ठरलं: महिनाभर टॉनिक, मग नवा रिपोर्ट, मग माझा 'नंतर'चा फोटो. आणि कबड्डी बंद. अशक्त मुलीला कसली कबड्डी!

त्याच रिपोर्टात खाली अजून एक ओळ होती. शरीरात साठवलेलं लोह: भरपूर. पण तिथवर वाचायचे कष्ट कोण घेणार?

गळूला चिरा देणाऱ्या डॉक्टर मॅडमनी मला नीट समजावलेलं. जंतूंना वाढायला लोह लागतं. म्हणून ते घुसले की शरीर लोह पेशींच्या आत कोंडून ठेवतं आणि आतड्याचं दारही लावून घेतं, बाहेरचं लोह फारसं आत घेतच नाही. जंतू लोह ओढायला बारीक चिमट्यांसारखे रेणू सोडतात, तर शरीर त्यातले काही चिमटेच जप्त करतं. बसा उपाशी, फुकट्यांनो!

"इन्फेक्शन जाऊ दे, आकडा बहुतेक आपला आपण वर येईल," मॅडम म्हणालेल्या. "औषध लागतंय का ते तेव्हा बघू."

आला लक्षात काकांचा धंदा? मेहनत माझ्या शरीराची, टाळ्या बाटलीला.

काका हॉलकडे बघून हसले. "पुतणी आहे माझी. मोबाइलवर काहीतरी वाचते."

"मग तुम्ही सांगा ना, तापात माझं लोह कमी का झालं?"

"अशक्तपणामुळे."

"आणि अशक्तपणा कशामुळे आला?"

"लोह कमी झाल्यामुळे!"

आणि हॉलने टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या! काकांचं एक वेळ सोडा, पण हे लोक?

पुढच्या रांगेतल्या एक आजी उठल्या. "माझ्या नातवाला ताप आहे. त्याला देऊ ना हे?"

"डबल द्या," काका म्हणाले.

इथे मात्र माझं हसू गेलं. "आजी, आधी डॉक्टरांना दाखवा हो," मी म्हटलं, तोवर कोणीतरी माझा माईक काढून घेतला. पण आजींनी हातातली बाटली परत टेबलावर ठेवली. मी बघितलं ते.

हॉलमधून घरी आल्यावर बाबा म्हणाले, "चारचौघांत काकाचा पार कचरा केलास."

"बाबा, त्यांनी चारचौघांत माझा 'आधी' केला, त्याचं काय?"

आईने टॉनिकची बाटली हातात घेतली. लेबल वाचायला म्हणून चष्मा लावला. आयुष्यात पहिल्यांदा.

"दोघं ऐका," मी म्हटलं. "ही बाटली मी उघडणार नाही. मॅडम सांगतील तेव्हा रक्त पुन्हा तपासायचं. आकडा नाही वाढला, तर त्या देतील ते औषध मुकाट्याने घेईन. पण वाढला, तर मी स्वतः काकांच्या स्टेजवर जाणार, हीच सीलबंद बाटली हातात धरून 'नंतर'चा फोटो काढून घेणार, आणि तिथून सरळ कबड्डीच्या प्रॅक्टिसला जाणार."