यमुनाबाईंचा खर्च

गारखेड्यातल्या त्या फ्लॅटचं दार यमुनाबाईंनीच उघडलं. बाहेर सुकेशनी उभी होती, हातात टॅब. कुटुंबं कशावर किती खर्च करतात, याची पाहणी ती एका कंपनीसाठी करत होती. तिनं काहीतरी विचारलं. यमुनाबाईंनी कान पुढे केला, तेवढ्यात मागून त्यांचे यजमान वैजनाथराव आले.

"तिला ऐकू कमी येतं. मला विचारा. घरातलं सगळं मीच बघतो."

वैजनाथराव हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. उत्तरं देताना त्यांना चेव चढला. फ्रीज बदलला. टीव्ही भिंतभर घेतला. आता सोफा यायचाय, आजच. मुलासाठी, मिहिरसाठी, रविवारी मुलीकडचे येणार, त्यांना काय जुन्या दिवाणावर बसवायचं?

"लिहा, खर्च भरपूर वाढलाय. घराची कळाच बदलली आमच्या."

"आणि दवाखाना, औषधपाणी?"

"काही नाही. सगळे ठणठणीत."

समोर बसलेल्या यमुनाबाई त्यांच्या ओठांकडे बघत होत्या. तेवढी सवय झाली होती त्यांना.

"कोण ठणठणीत?"

"अगं, तू चहा टाक."

"नाही टाकत!" यमुनाबाई उठून उभ्या राहिल्या. "दोन वर्षं कानाचं मशीन मागतेय मी. फ्रीज आला तेव्हा म्हणालात, पुढच्या महिन्यात. टीव्ही आला तेव्हा म्हणालात, दिवाळीनंतर. तो टीव्हीही मला नुसता दिसतो!"

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत की!"

तेवढ्यात खाली सोफ्याचा टेम्पो थांबलेला त्यांना खिडकीतून दिसला. वैजनाथराव उठायच्या आत यमुनाबाईंनी कपाटातलं सोफ्याच्या पैशांचं पाकीट पर्समध्ये टाकलं आणि त्या जिना उतरल्या. ड्रायव्हर अजिनाथ दोऱ्या सोडत होता. त्यांनी हातानंच त्याला थांबवलं.

"परत न्या."

"काकू, लई लांबून आणलाय. शेठ बयाणा परत देणार नाय."

शेवटचं त्यांना नीट कळलं नाही. मागोमाग उतरलेल्या सुकेशनीनं जवळ येऊन मोठ्यानं सांगितलं.

"ठेवू दे त्याला बयाणा. सोफा वर चढवायचा नाही."

वैजनाथराव गॅलरीतून ओरडत होते. खालून यमुनाबाईंना त्यांचे फक्त हात हलताना दिसले.

"तू येतेस का ग माझ्याबरोबर? उस्मानपुऱ्यात कानाचे डॉक्टर आहेत. ते काय म्हणतात ते मला कुणीतरी सांगायला हवं."

सुकेशनीची अजून कितीतरी घरं बाकी होती. तिनं टॅब पिशवीत टाकला आणि रिक्षाला हात केला.

रविवारी पाहुणे दिवाणावर बसले, पोहे खाऊन, हसून बोलून गेले. सोफ्याचं कुणी नाव काढलं नाही. वैजनाथरावांनी मात्र बायकोशी बोलणंच टाकलं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या नकळत मशीन आलं. ते लावून यमुनाबाई स्वयंपाकघरात उभ्या होत्या. तेलात मोहरी किती जोरात तडतडते, हे त्या विसरूनच गेल्या होत्या. बाहेर वैजनाथराव फोनवर बहिणीशी बोलत होते, नेहमीसारखे, बायको घरात नसल्यासारखे.

"डोकं फिरलंय तिचं. बहिरी ती बहिरी, वर हा माज. पहिल्यापासून अशीच आहे ती."

यमुनाबाईंनी गॅस बंद केला. त्या बाहेर जाऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"पहिल्यापासून? बरं. आणखी काय काय म्हणत होतात दोन वर्षं, माझ्यासमोर बसून?"

वैजनाथरावांचा फोन मांडीवर पडला. तिकडून वन्सं विचारत होत्या, "हॅलो? दादा, काय झालं रे?"

"काही नाही झालं, वन्सं," यमुनाबाई म्हणाल्या. "मला ऐकू यायला लागलंय."