पुसलेली पावलं

उजाडताना वाळवंटातल्या वाळूवर लांब सावल्या पडतात त्या जेमतेम वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांच्या फोटोंसाठी मी आदल्या दिवशी चार तास गाडी चालवली होती. "मीही येतो" म्हणणाऱ्या बाबांना नाही म्हणायचं जिवावर आलं होतं.

टेकडीच्या धारेवर ऊन आलं आणि नेमके बाबा कॅमेऱ्यासमोरून चालत गेले. पावलांची रांग बरोबर मधोमध. माझं डोकंच फिरलं. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून मी एरवीही ओरडूनच बोलते, पण त्या दिवशी जरा जास्तच ओरडले.

"सगळ्याची वाट लावलीत. मागे जाऊन बसा. एक पाऊल दिसता कामा नये."

ते मान हलवून गेले. मी कॅमेरा दुसऱ्या टेकडीकडे वळवला आणि कामात बुडाले. फोटो झकास आले.

मागे वळले तर बाबा नव्हते. पावलंही नव्हती. माझ्यामागे चार हात वाळू झाडल्यासारखी सपाट होती. मग लक्षात आलं, बाबा अंगावरची शाल मागे ओढत, आपली पावलं पुसत गेले होते. पुढचं काम वाऱ्यानं केलं होतं.

कानाचं यंत्र त्यांनी वाळू जाईल म्हणून गाडीतच ठेवलं होतं. पाण्याची बाटली माझ्या पिशवीत. तरी मी हाका मारत सुटले. एक टेकडी चढले, पलीकडे तशीच दुसरी. तासभर झाला. ऊन चटके देऊ लागलं. मी त्यांचा जीव घेतला, हे एकच वाक्य डोक्यात घोळत होतं. इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते.

एका खळग्यात ते दिसले. उकिडवे बसलेले, ओठ सुकलेले, चेहरा लालबुंद. मी घसरत, धडपडत खाली धावले.

मला बघताच ते गडबडीनं उठले आणि वाकून शालीनं बसल्या जागेची वाळू सारखी करू लागले.

"एवढं पुसतो हं," ते म्हणाले. "तुझं झालं नसेल तर अजून पलीकडे जातो."