दवाखान्याचं फाटक

वस्तीतल्या बाळंतपणाच्या दवाखान्यात बायकोसोबत येणारे नवरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांतला सगळ्यात नावाजलेला म्हणजे हा वेल्डर. शेजारची मावशी तर त्याचा दाखला देऊन स्वतःच्या नवऱ्याला उठता-बसता टोमणे मारी.

खरं काय ते एकट्या वेल्डरला माहीत होतं. पहिल्या खेपेला तो आत बाकावर बसला होता. दोन्ही बाजूंना पोटुशा बायका, समोर भिंतीवर नको तेवढं दाखवणारं चित्र. त्यात रस्त्यावरून जाणाऱ्या, कामावरच्या एका सोबत्यानं त्याला नेमकं पाहिलं. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये ज्यानं त्यानं विचारलं, "काय रे, तुला कितवा लागला?" वेल्डरही हसला, पण त्याचे कान तापले होते.

पुढच्या खेपेला तो हत्यारांची पिशवी घेऊनच गेला. दवाखान्याचं फाटक कुरकुरत होतं, ते त्यानं बिजागरी बदलून लोण्यासारखं मऊ केलं. मग मोडका बाक, मग सलाईनची दांडी, मग पायऱ्यांचा कठडा. काम संपतच नव्हतं, कारण हा बहाद्दर ते संपू देत नव्हता. बायको तपासणीला आत, हा अंगणात. सिस्टर दरवेळी तिला विचारत, "सोबत कोण?" ती सांगे, "नवरा आहे. बाहेर आहे." सांगताना तिचा चेहरा फुललेला असे.

सातवा महिना लागला तेव्हा सिस्टरनी एकदा सगळ्या नवऱ्यांना बोलावलं. वेल्डरला सांगायला तर त्या स्वतः अंगणात आल्या.

"आज तुमच्याशीच बोलायचंय. बायकांना मी सांगतेच, पण घरात ऐकायला कुणीतरी हवं ना."

"एवढा कठडा होऊ द्या, सिस्टर. आलोच."

आत चार नवरे माना खाली घालून बसले. बाहेर वेल्डरचा ग्राइंडर किंचाळत राहिला. मध्येच कुणीतरी आतून खिडकी लावून घेतली, तेही त्यानं पाहिलं. कठडा मात्र सुरेख झाला.

पुढे एका सुट्टीच्या दिवशी तो घरच्या दारातच खिडकीची जाळी वेल्डिंगनं जोडत बसला होता. दुपारी बायको चौकटीला धरून उभी राहिली.

"अहो, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. डोकंही ठणकतंय."

हे दुखणं वेल्डरच्या रोजच्या ओळखीचं. उघड्या डोळ्यांनी वेल्डिंगकडे पाहिलं की डोळे असेच धरतात. शेडमध्ये नव्या माणसाचं हमखास होतं.

"किती वेळा सांगितलं, मी काम करताना दारात येऊ नकोस म्हणून."

"मी नाही हो पाहिलं."

"नकळत पाहिलं असशील."

"सिस्टरांना दाखवून येऊ या का? त्या काहीतरी म्हणाल्या होत्या बघा डोळ्यांचं."

"सिस्टरांना वेल्डिंगमधलं काय कळतं? पड तू."

डोळ्यांच्या बाबतीत नवऱ्याला जास्त कळतं, असं तिलाही वाटलं असावं. ती पडली. त्यानं खिडकीवर चादर टाकली, बटाट्याच्या गार चकत्या कापून तिच्या पापण्यांवर ठेवल्या, कपाळावर ओलं फडकं ठेवलं. हे सगळं त्यानं मायेनं केलं, ते नाकारून चालणार नाही. मग तो पुन्हा जाळीला लागला.

उन्हं कलताना मावशी डोकावली आणि तिनंच हाक मारली. बायकोची दातखीळ बसली होती, हातपाय झटके देत होते, बटाट्याच्या चकत्या जमिनीवर पडल्या होत्या. रिक्षातून तिला दवाखान्यात आणलं. फाटक अजिबात न कुरकुरता उघडलं.

डॉक्टर तिला ऑपरेशनला घेऊन गेले. सिस्टर मिनिटभर बाहेर आल्या.

"डोळ्यांपुढे कधीपासून चमकत होतं?"

"दुपारपासून. मला वाटलं, वेल्डिंग लागलं डोळ्यांना."

"रक्तदाब चढल्याची खूण आहे ती. त्या दिवशी मी हेच सांगितलं होतं, असं झालं की तडक घेऊन या म्हणून. तुम्ही होतात ना त्या दिवशी?"

"होतो," वेल्डर म्हणाला. मग त्याला पुढचंही बोलावं लागलं. "अंगणात होतो."

सिस्टर आत वळल्या. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तिकडे व्हरांड्यात मावशी बाकीच्या बायकांना सांगत होती, "पोरीचं नशीब बघा, असा नवरा मिळायला पुण्य लागतं." धरणीनं पोटात घ्यावं असं वेल्डरला झालं. मावशीला गप्प बसवायचं तर खरं सांगावं लागलं असतं, आणि तेवढीही हिंमत त्याच्यात नव्हती.

मुलगी झाली. इवलीशी, शेजारच्या खोलीत काचेच्या पेटीत ठेवलेली. श्वास घेतेय, बाकीचं आत्ताच सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. सकाळपर्यंत वेल्डर बाळंतिणींच्या खोलीत बायकोच्या खाटेला खेटून बसून होता. बायका कुजबुजत होत्या, बघत होत्या. त्याचं तिकडे लक्षही नव्हतं.

बायकोनं डोळे किलकिले केले, पण तिला अजून धूसरच दिसत होतं. ती शुद्धीवर किती आहे ते बघायला सिस्टर वाकल्या.

"ऐकू येतंय का गं? सोबत कोण आहे तुझ्या?"

वेल्डरनं तिचा हात घट्ट धरला.

ती हळूहळू, पण दरवेळच्याच भरवशानं म्हणाली, "नवरा आहे. बाहेर आहे."