घोंगडी पांघरलेला चोर

कल्पना करा, की सकाळ झाली आहे, शाळेची वेळ होत आली आहे आणि तुम्हाला केस विंचरायचे आहेत. कंगवा हातात आहे. हात छातीपर्यंत येतो, पण खांद्याच्या वर काही केल्या जात नाही. फार दुखतही नाही. दुखलं असतं तर निदान ओरडता आलं असतं. हात नुसता जात नाही, जणू दंडाला कुणी ओल्या कापसाचं बोचकं बांधून ठेवलं आहे. आता उकिडवे बसा आणि हात न टेकता उठा. उठलात ना? घाटंजीजवळच्या एका बंजारा तांड्यावर राहणाऱ्या हंसाबाईला ते जमेनासं झालं होतं.

हंसाबाई म्हणजे जयाची आजी. घरात लहानथोर सगळे तिला याडी म्हणत; त्यांच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. जुना पेहराव रोज अंगावर घालणाऱ्या बायका आता तांड्यावर थोड्याच उरल्या होत्या, त्यांत याडी पहिली. आरसे लावलेली कांचळी म्हणजे चोळी, घेरदार फेटिया म्हणजे घागरा आणि दोन्ही दंडांवर पांढऱ्या बलिया, सवाष्णीच्या रुंद बांगड्या. जिभेची अशी तिखट, की तिच्या ओट्यासमोरून जाताना भलेभले भराभर पावलं उचलून जात.

त्या वर्षी कापूस वेचताना ती मागे पडू लागली.

"याडी, म्हातारी झाली वं तू," शेजारच्या ओळीतली कोकिळा म्हणाली.

"म्हातारी तुही सासू. मी दमानं वेचतो. तुह्यासारखा अर्धा कापूस झाडावर नाई ठेवत."

सगळ्या हसल्या. पण घरी जाताना कापसासाठी कमरेला बांधलेली ओटी सोडायला याडीला सुनेला हाक मारावी लागली. मग बोटांच्या सांध्यांवर लाल चट्टे उठले. गळ्याखाली कातडी उन्हानं भाजल्यासारखी झाली, आणि पापण्या पिकल्या जांभळासारख्या दिसायला लागल्या.

"फवारा लागला," जयाचे आजोबा धावजी म्हणाले. जया त्यांना दादा म्हणे.

सगळ्या तांड्यानं तेच म्हटलं. त्यात नवल नव्हतं. या भागात फवारणीनं कुणाचे डोळे गेले, कुणाचा जीव गेला, हे प्रत्येक घरानं पाहिलं आहे. अंगावर काहीही उठलं, की पहिलं नाव औषधाच्या फवाऱ्याचं निघतं. आणि संजयनं, म्हणजे जयाच्या बापानं, खरोखरच फवारणी केली होती. याडी त्याच वावरात गेली होती. संजय मनातून पार खचला. बाजाराजवळच्या डॉक्टरनं खुर्चीतूनच विचारलं, फवारणी केली होती का? संजयनं मान हलवली. मलम मिळालं. उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही.

मलम लावण्यात दिवाळी गेली.

कांचळीच्या नाड्या पाठीवर बांधायच्या असतात, आणि याडीचे हात आता मागे जात नव्हते. सून राखी, म्हणजे जयाची आई, भल्या पहाटे वावरात जाई, म्हणून नाड्या बांधायचं काम पाचवीतल्या जयाकडे आलं. राखी म्हणाली होती, "समोरून हुकाचं पोलकं घाला ना, याडी." त्यावर याडीनं तिच्याकडे असं पाहिलं, की तो विषय तिथेच संपला.

एके सकाळी नाडी ओढताना जयाची बोटं याडीच्या काखेखाली, छातीच्या कडेला लागली. तिथे चिंचोक्याएवढं काहीतरी घट्ट होतं.

"याडी, हे काय?"

"काई नाई. गाठ होये."

"दुखते?"

"नाई दुखत. तरास हातायचा होये. जे दुखत नाई त्याचा बोभाटा कायले करावं?" मग म्हणाली, "तुह्या मायले सांगू नोको. बापाले तर अजिबात नाई. घे सेवाभायाची आण."

जयानं सेवाभायाची, तांड्याच्या थोर संताची, आण घेतली. आजी आणि नात यांच्यात असं काहीतरी गुपित असणं तिला तेव्हा आवडलंसुद्धा.

पुढे दंड इतके वाळले, की बलिया घसरून कोपरावर येऊ लागल्या. नवरा जिवंत असलेल्या बाईच्या बलिया गळून पडल्या तर लोक काय म्हणतील? याडीनं जयाकडून जुन्या लुगड्याच्या चिंध्या बलियांखाली कोंबून घेतल्या. तांड्याला दंड भरलेले दिसले. खालचं मांस गेलं होतं, ते एकट्या जयाला माहीत होतं.

मग भाकरीचा घास घशात अडकू लागला. एकदा पाणी नाकातून आलं, आणि संजय घाबरला. तो आईला घेऊन यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात गेला. याडीला उठवायला-बसवायला जया सोबत होती.

तिथल्या डॉक्टरचं नाव प्रेरणा. तिनं याडीची बोटं पाहिली, पापण्या पाहिल्या, स्टुलावरून हात न टेकता उठायला सांगितलं. याडी उठू शकली नाही. मग रक्त तपासलं, पोटाचे फोटो काढले, दंडातल्या मांसाचा बारीक तुकडा काढून तपासला.

"हा फवारा नाही," ती म्हणाली.

"मंग काय आहे?" जयानं विचारलं. संजयनं तिला डोळ्यांनी दटावलं, पण डॉक्टर तिच्याकडेच वळली.

"तुमच्याकडे कुत्रा आहे?"

"आहे. दादाचा."

"समज, रात्री चोर आला. आणि त्यानं तुमच्याच घरातली घोंगडी पांघरलीय. कुत्रा काय करेल?"

"धरन त्याले."

"धरेल. पण अंधारात त्याच्या नाकात घोंगडीचा वास बसेल. मग सकाळी तशीच घोंगडी घेऊन तुझे दादा बाहेर आले, तर?"

जया म्हणाली, "दादालेही चावन."

"शरीरात असेच राखणदार असतात. तुझ्या आजीचे राखणदार तिच्याच स्नायूंना आणि कातडीला चावतायत. अशा आजारात, विशेषतः या वयात, कधीकधी आत खरंच एखादा चोर असतो. कॅन्सर. कुत्रे त्याच्यावरच धावून गेलेले असतात." मग ती याडीकडे वळली. "आजी, मी गोळ्या देणार आहे. त्यांनी हे कुत्रे बांधले जातील, हात सुधारतील. पण घरात चोर असला, तर त्याला मोकळं रान मिळेल. म्हणून नीट सांगा. अंगावर कुठे गाठ आहे?"

"नाई," याडी म्हणाली.

"छाती तपासायची आहे. पडद्याआड, मी एकटीच."

"कांचळी नाई सोडणार मी. पोटाचे फोटो काढले ना? बस झालं."

"पोटात काही निघालं नाही. छातीचं राहिलंय."

"राहू द्या."

याडीनं जयाचं मनगट धरलं होतं. त्या पकडीत काहीच जोर नव्हता. जयानं हिसका दिला असता तर हात सहज सुटला असता. तिनं हिसका दिला नाही. डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि संजयला बजावलं, पुढच्या वेळी हे राहू द्यायचं नाही. संजयनं हो म्हटलं, जसं आपण सगळेच दवाखान्यात म्हणतो.

गोळ्या लागू पडल्या. घास उतरू लागला, पापण्यांचा जांभळा रंग फिका झाला. याडी खाटेवरून आपली आपण उठली, तेव्हा धावजींनी तांडाभर गूळ वाटला. संजयचा चेहरा उजळला. पुढच्या तारखेला याडी म्हणाली, "चांगली झालो ना मी, कायले जायचं?" वेचणीची शेवटची घाई होती, कुणी हट्ट धरला नाही. नाड्या बांधायला मात्र जयाच लागत होती.

गाठ आता सुपारीएवढी झाली होती. काखेत आणखी एक लागत होती.

त्या दिवसांत जया धावजींच्या कुत्र्याला बांधू देत नसे. दादा रागावले तरी ती साखळी सोडून ठेवी. का, ते ती सांगत नसे.

शेवटी एका सकाळी नाडी हातात धरून ती म्हणाली, "याडी, चोर मोठा होऊन राह्यला."

"चूप बस."

"डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं ना."

"तिले काय जाते सांगाले?" याडी भिंतीकडे पाहत बोलू लागली. "तुह्या दादाची बहीण होती. तिलेही अशीच गाठ होती, नेलतं दवाखान्यात. कापलं, केस गेले, बलिया फोडून काढल्या. नवरा जिता असून रांडमुंड बाईसारखी खाटेवर पडली होती, अन् तशीच गेली. मले तसं नाई जायचं. मी बलिया घालून जाईन."

"पण तू गेलेली मले नाई पायजे."

"तुले कोन इचारलं? बांध नाडी."

जयानं नाडी बांधली नाही. बाहेर राखी वेचणीला निघण्यासाठी ओटी शोधत होती. जयानं दारातून हाक मारली, "आई, इकडं ये. आत्ताच ये."

याडी वळली. कित्येक महिने जो हात खांद्याच्या वर गेला नव्हता, तो गोळ्यांनी बरा झालेला हात वर गेला आणि जयाच्या गालावर बसला. चांगला जोरात बसला. बलिया खणखणल्या. दारात आलेली राखी जागीच थांबली.

"आण मोडली कार्टीनं," याडी म्हणाली. "आजपासून तोंड नोको दाखवू मले."

जयाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हटली नाही. कांचळीच्या सुटलेल्या नाड्या तिच्या एका हातात तशाच होत्या. दुसऱ्या हातानं तिनं आईचा हात धरला, तिला जवळ ओढलं आणि तिची बोटं याडीच्या काखेखाली, त्या गाठीवर नेऊन ठेवली.