खिडकीतला माणूस

मसूद अबेकासिसवर युलियस एटलिंगरचा काडीचा विश्वास नव्हता. जर्मनीहून जेरुसलेमला आलेल्या ज्यू मंडळींच्या त्या छोट्या सिनेगॉगमध्ये मृतांसाठीची कद्दिश ही प्रार्थना एका वेळी एकानंच म्हणायची, बाकीच्यांनी ऐकून आमेन म्हणायचं, ही पणजोबांपासूनची रीत. मसूद मोरोक्कोचा. त्याच्या लोकांत ज्यांच्या घरी कुणी गेलंय ते सगळे एकदमच म्हणतात. तो यायला लागल्यापासून कारभारी झेलिगमानही तेच सुचवू लागले होते.

"युलियस, सगळ्यांनी मिळून म्हणू या की. तंटे नकोत."

"आजवर तंटे कुठे होते? आता कोण आलंय तंटे करायला?"

झेलिगमान प्रार्थनेची पुस्तकं आवरू लागले. युलियसला वाटलं, इथे नक्की पाणी मुरतंय.

त्याची आई हिवाळ्यात गेली. तिच्यामागे म्हणणारा तो एकटाच. पाळीनं वाट्याला येणारी कद्दिश गलक्यात बुडाली, तर तिच्या नावाचं आमेन कोण म्हणणार? त्यात त्याची पाळी आली की मसूद हमखास उठून बाहेर जायचा. दहा पुरुष असल्याशिवाय कद्दिश होत नाही, आणि इथे जेमतेम दहाच यायचे. माणसं आकड्यांनी मोजू नयेत म्हणून युलियस दहा शब्दांचं वचन मनात म्हणत एकेका डोक्यावर एकेक शब्द ठेवायचा. दर वेळी शेवटचा शब्द उरायचा. तरी झेलिगमान म्हणायचे, "पुरे आहेत, म्हण तू."

म्हणजे आईची कद्दिश फुकट जातेय आणि हे दोघे सामील आहेत, असं त्याच्या मनानं घेतलं.

झेलिगमानच्या वडिलांच्या पुण्यतिथीला पाळी झेलिगमानची होती. मसूद आजही उठला, तसा युलियसही दबकत मागोमाग गेला. आज चोराला रंगेहाथ पकडायचंच. मसूद मागच्या अंगणात गेला, फळांच्या खोक्यावर चढला आणि युलियसच्या जागेच्या पाठीमागच्या खिडकीतून आत तोंड घालून उभा राहिला. युलियस भिंतीला टेकून खाली बसला. आतून मात्र कद्दिश सुरू होईना.

"एक कमी पडतोय," झेलिगमानचा आवाज आला. बापासाठी वर्षातून एकदाच येणारा दिवस होता तो.

मसूदनं मान न वळवता म्हटलं, "भाऊ, लपतोस कशाला? ये वर. खिडकीत तोंड दिसलं की दहांत धरतात."

"म्हणजे तू रोज..."

"मग काय, तुझी कद्दिश मोडू देऊ?"

"मग आतच का नाही थांबत?"

"आत माझे ओठ हलतात. तुमची रीत मोडते. आणि माझ्या बापासाठी म्हटल्याशिवाय मला राहवत नाही."

युलियस खोक्यावर चढला. आतल्या सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर होत्या. झेलिगमाननी सुरुवात केली. कानाशी मसूद तेच शब्द कुजबुजत होता, एक शब्द पुढे नाही की मागे नाही. युलियसनं आमेन म्हटलं ते दोघांच्याही बापांसाठी.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला त्यानं चोर ठरवलं होतं, त्याच्या चेहऱ्यावाचून आईची कद्दिश एकदाही झाली नसती.

"उद्या माझी पाळी आहे," खाली उतरताना तो म्हणाला. "बाहेर जाऊ नकोस. माझ्या शेजारी उभा राहा."

"आणि तुझ्या पणजोबांची रीत?"

"तू हळू म्हण. लोकांना एकच आवाज ऐकू जाईल."