मधला माणूस

"मधी माणूस लागतोच कशाला?" भाकरी मोडता मोडता बापूसाहेबांनी विचारलं. "देव काय बहिरा हाय? आबांनी हितंच डोळं मिटून त्याला सांगावं. संपलं."

विजयमालानं चहा ओतून घेतला. इंदापूरच्या दवाखान्यात रात्रपाळी करून ती नुकतीच शेळगावला परतली होती. रात्रभर बाळंतपणं झाली होती, पोटऱ्यांत गोळे आले होते, आणि आतल्या खाटेवरून तिचे वडील, झुंबरआबा, पुन्हा तेच मागत होते. फादरला बोलवा.

झुंबरआबा सांगवीचे. जन्मभर पाटकरी, पाटाचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं ते त्यांच्या हातात. घराणं कॅथलिक. सणाआधी फादरपुढं गुडघे टेकून पापं सांगायची, ही त्यांची रीत. विजयमाला लग्नानंतर नवऱ्याच्या प्रॉटेस्टंट मंडळीत गेली. बापूसाहेब वायरमन होते आणि मंडळीचे पंच. पापाची कबुली माणसापुढं द्यायची, हे त्यांना अजिबात खपत नसे. सासरे-जावयांत वाद असा हा एकच. नाताळला जेवताना निघायचा आणि ताटं उचलली की मिटायचा. आता आबांच्या पायांवर सूज चढली होती, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं, आणि वाद काही मिटत नव्हता.

"जावई," आतून आबांचा दमलेला आवाज आला, "देवाला रोज सांगतुया. पर त्यो काय बोलत न्हाय. 'झालं, जा आता,' असं कुणीतरी तोंडानं म्हनाया पायजे. त्याबिगर डोळा लागंना."

"ख्रिस्तानं वधस्तंभावर जीव दिला तवाच झालं की, आबा. आता परत कुणी म्हनायचं?"

"पुरं करा आता," विजयमाला म्हणाली. चहा तसाच ठेवून तिनं चपला घातल्या.

एसटीत ती उभ्यानंच पेंगत राहिली. बारामतीच्या चर्चमध्ये झाडलोट करणारी बानूबाई पायरीवर लसूण सोलत बसली होती.

"फादर पुण्याला गेल्यात, बाई. उद्या सकाळच्याला येतील. निरोप देते."

"उद्यापर्यंत..." विजयमालाचं वाक्य अर्धंच राहिलं. ती रिकाम्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर टेकली. कोपऱ्यात ती लाकडी जाळी होती; पलीकडं फादर बसायचे, अलीकडं पापं सांगणारा. लहानपणी ती आबांचं बोट धरून रांगेत उभी राहायची. सांगून आले की आबा तिला उगाचच खांद्यावर घ्यायचे. लग्नानंतर तिनं कुणालाच काही सांगितलं नव्हतं. देवाला सांगायला बसली की डोळे मिटायचे, ते झोपेनं.

ती घरी पोचली तेव्हा दुपार कलली होती. आतलं दार लोटलेलं होतं. आबा हळूहळू, अडखळत काहीतरी सांगत होते. मधेमधे बापूसाहेबांचं नुसतं "व्हय आबा, व्हय" ऐकू येत होतं. ती दार ढकलणार तोच आबा रडायला लागले. आई गेली तेव्हासुद्धा ते रडले नव्हते. तिनं हात मागं घेतला आणि अंगणात जाऊन बसली.

बऱ्याच वेळानं बापूसाहेब बाहेर आले. त्यांचं तोंड उतरलं होतं.

"फादर उद्या येणार," ती म्हणाली.

"आबांना दम निघंना. हात सोडंनात माझा."

"काय म्हनले?"

"ते इचारू नगंस."

"मग तुमी काय म्हनलात?"

"माफ करणारा मी कोण? तसं सांगितलं बी. नुसतं बघत राह्यले माझ्याकडं." बापूसाहेब खाली बसले. "मग म्हनलं, झालं, आबा. जावा आता."

"झोपले?"

"झोपले. खोटं बोललो का गं मी?"

ती त्यांच्याजवळ सरकली.

पहाटे आबा झोपेतच गेले. फादर आले तेव्हा ऊन अंगणात उतरलं होतं. स्कूटर लावून ते घाईनं आत आले आणि खाटेपाशी थबकले. "उशीर झाला मला. पापं सांगायची राहिलीच म्हणायची."

"न्हाय, फादर," बापूसाहेब म्हणाले. "सांगून झाली."

"कुणापुढं?"

"देवापुढं. मी नुसता शेजारी बसलो हुतो."

फादरांनी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी गुडघे टेकून प्रार्थना म्हटली. बापूसाहेब भिंतीला टेकून उभे होते. प्रार्थना संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

फादर निघाले तसे बापूसाहेब स्कूटरपर्यंत गेले. विजयमाला दारातच होती. बापूसाहेबांनी विचारलं, "फादर, तुमी एवढ्यांचं ऐकता. मग ते ठेवता कुठं?"

फादरांनी स्कूटरचं हँडल धरलं. "ते मला अजून नाही कळलं, बापूसाहेब."

बापूसाहेबांनी मान हलवली. स्कूटर दिसेनाशी झाल्यावर ते आत आले. सांगवीची भावकी एव्हाना जमू लागली होती, आणि अंघोळ कुणी घालायची यावर कुजबुज चालली होती. बापूसाहेबांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

"मी घालतो," ते म्हणाले.

विजयमाला पाणी तापवायला उठली.